मोरधारवरचं चौथं स्टेशन

"मंदे, पिशवीत दगड भरलेस काय गं?"

तारावन्सं माझ्या मागून चढत होत्या आणि माझी पाठपिशवी मला पावलापावलाला मागं ओढत होती, ते त्यांना चांगलं दिसत होतं. मोरधारचा शेवटचा चढ म्हणजे नुसता मुरमाड घसारा, बोलायला श्वास होता कुठं?

"दे इकडं थोडं. मी घेते."

"नको वन्सं. नियम आहे."

"कसला मेला नियम?"

"ज्यानं वरून बोलायचं, त्यानंच सामान वाहायचं. दुसऱ्यानं हात लावला तर डोंगर बाद."

"डोंगर बाद!" वन्सं मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. "अगं, तो हजारो वर्षं उभा आहे. तुझ्या पिशवीला मी हात लावला म्हणून बाद होतोय होय!"

पंधरा वर्षं झाली, पण त्या दिवसाचं प्रत्येक मिनिट मला पाठ आहे. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची, कऱ्हाडच्या एका मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक. आमचे हे, जयसिंग इंगवले, साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. तारावन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्यापासून दोन घरं पलीकडं राहणाऱ्या. आणि त्या दिवशी माझा आणि ह्यांचा अबोला अकरा दिवसांचा झाला होता.

कारण सांगते. ह्यांना हॅम रेडिओचा नाद. म्हणजे सरकारची परीक्षा द्यायची, लायसन काढायचं, गच्चीवर वायर टांगायची आणि आपल्या सेटवरून लांबलांबच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या. घरात बायको हाका मारते ती ऐकू येत नाही, पण श्रीलंकेतला माणूस खोकला तरी ह्यांना कळतं. शेवटी मीही चिडून परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाले. ह्यांना दोनदा बसावं लागलं होतं. हे मी कुणाला सांगत नाही, फक्त विषय निघाला तर सांगते.

मग हॅमवाल्यांच्या मंडळाचं वार्षिक जेवण झालं. पंधरा पुरुष आणि मी. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, आता डोंगरावरून बोला की एकदा." आमच्या मंडळात तेव्हा ते खूळ निघालं होतं. सेट पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, वर वायर ताणायची, आणि कमीत कमी चार वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलायचं. चार झाली तर डोंगर तुमच्या नावावर वहीत चढणार. तीन झाली तर काहीच नाही, चालत आलात तसे चालत जा. तर मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "लायसन आहे हो मंदाकडं. पण वायर मी बांधतो. हिनं बांधली तर आवाज गल्लीच्या बाहेर जायचा नाही."

पंधराच्या पंधरा हसले. माझ्या हातात बासुंदीचं भांडं होतं. ते मी टेबलावर ठेवलं आणि घरी आले.

त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. निरोप तारावन्सं पोचवायच्या. "जया, मंदा म्हणते गॅस संपलाय." "मंदे, जया म्हणतो संपू दे." हैराण झाल्या बिचाऱ्या. मी मोरधारला एकटी जाणार म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, मी येते, तू कुठं पडलीबिडलीस तर लोक मला विचारतील. त्यांच्याच तोंडून मी ह्यांना निरोप धाडला होता, "सेट माझा, वायर माझी, डोंगर माझा. माझ्या फ्रीक्वेन्सीवर फिरकायचं नाही. चार स्टेशनं मिळाली नाहीत तर लायसन परत करीन, आणि पुन्हा माइक हातात धरणार नाही."

हे काही बोलायचं म्हणून बोलले नव्हते. लायसनची वही मी कपाटातून काढून टेबलावर ठेवून आले होते.

वर पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. मोरधारचा माथा लहानसा. धारजाईचं बसकं दगडी देऊळ, पुढं दीपमाळ, मागच्या उतारावर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. डिसेंबरचं कोवळं ऊन आणि वारा मात्र असा की पदर जागेवर राहीना.

"आधी भाकरी खाऊ," वन्सं म्हणाल्या.

"आधी वायर."

वायर म्हणजे एकूण वीस मीटर. मधला भाग उंच, दोन टोकं खाली उतरती. मी बांबूचे तीन तुकडे सुतळीनं एकमेकांना जोडले, ती काठी दीपमाळेला बांधली, वायरचं एक टोक पुढच्या करवंदीच्या जाळीला अडकवलं आणि दुसरं देवळावरून पलीकडं नेऊन मागच्या बाजूला एका खुंटाला बांधलं. गाठ तीनदा ओढून बघितली. देवीसमोर हात जोडले आणि म्हटलं, बाई गं, तूही बाईमाणूस आहेस, बघ काय ते. मग वाऱ्याच्या आडोशाला देवळाच्या पुढच्या भिंतीला टेकून बसले, सेट मांडीवर घेतला, कानाला हेडफोन लावला. हेडफोनचा आवाज मोठा, त्यामुळं शेजारी बसलेल्या वन्संनाही सगळं ऐकू येत होतं.

"सीक्यू, सीक्यू, सीक्यू." म्हणजे कुणी आहे का, मला कुणाशीही बोलायचंय.

पहिल्याच हाकेला मिरजेचे कुपवाडकर सर आले. निवृत्त गणित शिक्षक, सकाळचा चहा झाला की सेटवर. "वहिनी! कुठून?"

"मोरधारच्या डोंगरावरून. रिपोर्ट द्या. ओव्हर."

ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. रिपोर्ट म्हणजे दोन आकडे. बोलणं किती समजतंय ते पाचपैकी, आवाज किती जोरात येतोय ते नऊपैकी. आणि आमच्या मंडळाचा आणखी एक काटेकोर नियम होता. समोरच्यानं जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं आणि रॉजर, म्हणजे मिळालं, म्हणायचं. तरच बोलणं पक्कं, तरच वहीत नोंद.

"पाच-नऊ, वहिनी, पाच-नऊ! आपण मोरधारच्या डोंगरावर आहात. रॉजर."

एक झालं. पंधरा मिनिटांनी नाशिकच्या एक बाई आल्या, स्टेला परेरा, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स. त्यांनी डोंगराचं नाव परत म्हटलं, माझं नाव परत म्हटलं, वर म्हणाल्या, "बाई डोंगरावरून बोलतेय हे पहिल्यांदा ऐकते. पाच-सहा. पडू नका हं." दोन झाली! मी आनंदानं वन्संच्या पाठीत धपाटा घातला.

"अगं मारतेस काय!" वन्सं उठल्या. "बस तुझं तू. मी टाक्यावरून पाणी आणते."

त्या आपली पिशवी आणि देवळातली कळशी घेऊन देवळामागं गेल्या. मी परत सीक्यू लावला. दहा-पंधरा मिनिटांनी त्या आल्या, कळशी ठेवली, माझ्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागल्या. त्यांनी लुगडं बदललेलं मला दिसलं. मघाशी हिरवं इरकली होतं, आता तांबडं. वन्सं कुठंही निघाल्या तरी पिशवीत एक जादा लुगडं असतंच. म्हटलं, देवीच्या दर्शनाला बदललं असेल. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, दोघींचीही तीच चूक.

तिसरे आले बार्शीचे दातांचे डॉक्टर, सौंदणे. भारी गोड बोलणारा माणूस. दात उपटतानासुद्धा म्हणतात की काय सुंदर दात आहे.

"वहिनी! पाच-नऊ, पाच-नऊ! अगदी माझ्या खुर्चीत बसून बोलताय असं वाटतंय!"

"धन्यवाद डॉक्टर. मोरधार डोंगर. कन्फर्म करा. ओव्हर."

"रॉजर, रॉजर. वहिनी, डोंगराचं नाव जरा परत सांगता का?"

"मोरधार."

"अगदी स्वच्छ! परत एकदा?"

"मो-र-धा-र!"

"पाच-नऊ! आणि कोण बोलतंय म्हणालात?"

सातव्या वेळी मोरधार डॉक्टरांपर्यंत पोचला. तीन झाली. पण मला काही शंका आली नाही. आमच्यात ही रीतच आहे. लग्नात जसं जेवण कसंही असलं तरी उत्तम म्हणायचं, तसं समोरच्याचं काही का ऐकू येईना, पाच-नऊ द्यायचे. मला वाटलं, डॉक्टरांचा सेट बिघडला असेल.

त्यानंतर सव्वा तास कुणी नवं नाही.

दहा वाजले, साडेदहा झाले, अकरा वाजून गेले. मी हाका मारतेय, घसा बसला, पलीकडं नुसती खरखर. मधेच हैदराबादचा कुणी ऐकू यायचा, मी जीव तोडून त्याला हाक मारायची, तर तो माझ्यावरून दुसऱ्याशी बोलत निघून जायचा. मी अस्तित्वातच नाही! बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. खालच्या गावातून दीडची एसटी होती, म्हणजे साडेअकराला उठायलाच हवं होतं.

मधूनमधून कुपवाडकर सर धीर द्यायला यायचे. "वहिनी, अजून एक फक्त! पाच-नऊ आहात तुम्ही! काय म्हणालात ते कळलं नाही, पण पाच-नऊ!"

"वन्सं," मी हेडफोन खाली केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. "ते बरोबर म्हणाले होते. मी बांधलेली वायर गल्लीबाहेर जात नाही."

वन्संनी शेंगा खाली ठेवल्या. "मंदे, तू तीन माणसांशी बोललीस की! नाशिकपर्यंत पोचलीस!"

"तिघांशी बोलून काय उपयोग? चार लागतात."

"मग जयालाच बोलव ना. त्यालाही धरतील की चौथा."

"जीव गेला तरी बोलवणार नाही."

"अकरा दिवस झाले गं बाई. मी तुमच्या निरोपांना कंटाळले. काल तर मी त्याला विचारलं, जया, जेवलास का, तर म्हणतो मंदाला विचार जेवू का!"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, शेवटची पाच मिनिटं. सीक्यू, सीक्यू, सीक्यू. खरखर, खरखर. आणि त्या खरखरीतून, एकदम ठणठणीत, एक आवाज आला. आधी त्यानं आपला कॉल साइन, म्हणजे लायसनवरची अक्षरं-आकडे, सांगितला, सगळा, अक्षर न् अक्षर. मग म्हणाला, "कऱ्हाड. ऑपरेटर जयसिंग. मोरधारच्या स्टेशनसाठी. ओव्हर."

वन्सं ताडकन उठल्या. "जया! जया बोलला! मंदे, पहिला तो बोलला बरं का! मी साक्षीदार आहे!"

एकीकडं तळपायाची आग मस्तकात, फिरकू नका म्हटलं होतं ना! आणि दुसरीकडं, अकरा दिवसांनी तो आवाज ऐकून मी हेडफोन कानाला घट्ट दाबून धरला होता.

"या स्टेशनला आपला रिपोर्ट हवाय. ओव्हर," मी कोरडेपणानं म्हटलं.

"तुमचा रिपोर्ट तीन-दोन."

तुमचा! बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"कुपवाडकर सर, डॉक्टर, माफ करा," हे पुढं म्हणाले, "पण तुम्ही दोघं मघापासून पाच-नऊ देताय ते साफ खोटं आहे. साडेनऊपर्यंत या स्टेशनचा सिग्नल पाच-सात होता. चांगला होता. साडेनवाला एकदम खाली बसला. एका बाजूची वायर जमिनीला टेकलीय. बांधताना..."

आणि थांबले.

"बांधताना काय?" मी विचारलं. "ओव्हर."

सगळा महाराष्ट्र श्वास रोखून बसलेला.

"काही नाही," हे म्हणाले. "ओव्हर."

वन्संनी माझ्या दंडाला धरलं. "म्हणजे साडेनऊपासून ऐकत बसलाय तो?"

"साडेनऊच्या आधीपासून," मी म्हटलं. "आधी पाच-सात होते हे त्यांना कसं कळलं? मी सेट लावल्यापासून बसलेत."

रविवार होता. रविवारी हे दहाशिवाय उठत नाहीत.

पण वायर जमिनीला टेकलीय म्हणजे काय? तीनदा ओढून बघितली होती मी! तरातरा उठले, देवळाला वळसा घालून मागं गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. माझ्या वायरच्या देवळामागच्या भागावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नऊवारी हिरवं इरकली लुगडं पसरलं होतं. ओलं, जड, पाणी गळत असलेलं. त्याच्या भारानं बांबू वाकला होता आणि वायर मधोमध गवतात लोळत होती. माझी गाठ मात्र होती तशी होती.

"वन्सं!"

त्या धावत आल्या. "काय झालं गं?"

"हे काय आहे?"

"लुगडं. टाक्यावर पाय घसरला, कंबरेपर्यंत भिजले. तू बोलत होतीस म्हणून काही म्हणाले नाही. दोरी दिसली, वाळत घातलं." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "का? दोरी नाही का ती?"

मला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. आम्ही दोघींनी मिळून ते धूड वायरवरून ओढून काढलं. वायर टणकन वर गेली. बांबू सरळ झाला. वन्सं लुगडं छातीशी धरून म्हणत होत्या, "अगं, मग आधी सांगायचं ना, ही दोरी नव्हे म्हणून. मला काय स्वप्न पडलंय!"

धावत येऊन मी सेट उचलला. दिवा आता लाल झाला होता. म्हणजे पाच-सहा मिनिटं, त्यापुढं बॅटरी गेली.

"मोरधार बोलतंय. कसा येतोय आवाज? ओव्हर."

"वहिनी!" डॉक्टर किंचाळलेच. "आता खरंच पाच-नऊ! शपथ! मघाशी काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं हो!"

मग कऱ्हाड. "पाच-सात," हे म्हणाले. सावकाश, नेहमीच्या आवाजात. "डॉक्टर वाढवून सांगतायत. पण पाच-सात पक्का. आता वायर नीट बांधलीस ना? ओव्हर."

बघा! अजून तेच! माझं चौथं स्टेशन समोर उभं होतं. फक्त मोरधार म्हणायचं, त्यांनी मोरधार परत म्हणायचं, की डोंगर माझा. पण मी माइकचं बटण दाबलं आणि मनातलं सगळं एका दमात म्हणाले.

"कऱ्हाडसाठी निरोप. नीट ऐका आणि कन्फर्म करा. मोरधारवरची वायर मी एकटीनं बांधली. पहिल्यापासून नीट बांधली होती. तिच्यावर तुमच्या बहिणीचं लुगडं वाळत होतं. कन्फर्म केलं नाही तर तुम्ही माझ्या वहीत येणार नाही, माझं चौथं स्टेशन गेलं तरी चालेल. ओव्हर."

बटण सोडलं. कुणीतरी खो-खो हसत होतं. डॉक्टरांचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळं ते हसणं बार्शीपासून पार कुठंकुठं पोचलं असणार. कुपवाडकर सर म्हणत होते, "डॉक्टर, बटण सोडा, बटण सोडा, जयसिंगरावांना बोलू द्या!"

हेडफोनमध्ये खरखर. लाल दिवा लुकलुकायला लागला. वन्संनी ओल्या लुगड्यासकट देवीला हात जोडले.

मग ह्यांनी घसा खाकरला.

"मोरधारवरची वायर," हे म्हणाले, एकेक शब्द वेगळा करत, "मंदाकिनीनं एकटीनं बांधली. पहिल्यापासून नीट बांधली होती. तिच्यावर माझ्या बहिणीचं लुगडं वाळत होतं." आणि पुढं म्हणाले, "मंडळाच्या जेवणात मी बोललो ते चूक होतं. रॉजर. ओव्हर."

शेवटचं वाक्य माझ्या निरोपात नव्हतं. ते त्यांनी आपलं आपण घातलं होतं.

मी वहीत चौथी नोंद केली. कॉल साइन, वेळ अकरा बावीस, रिपोर्ट पाच-सात. अक्षर वाकडं आलं. डोंगर माझा झाला होता. आता साइन ऑफ करून उठायला हवं होतं, एसटी गाठायची होती. मी बटण दाबलं.

"कऱ्हाड, आवाज तुटला. निरोप परत सांगा. ओव्हर."

त्यांनी परत सांगितला. सगळा. लुगड्यासकट.

"मधला भाग मिळाला नाही. परत एकदा. ओव्हर."

तिसऱ्यांदाही सगळं म्हणून झालं आणि मग हे जरा हळू आवाजात म्हणाले, "मंदा, तुला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

"हो," मी म्हटलं. "पण त्या जेवणाला पंधरा जण होते. त्यातले अजून काही झोपेतून उठले नसतील. ओव्हर."